रिकामपणाचा दाखला

परत आल्यापासून जो तो विचारतो, भंडाऱ्याला जाऊन काय बघितलंस? तलाव बघितले, वैनगंगा बघितली, पवनीचा जुना दरवाजा बघितला, असं सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि तो आपल्या केरळच्या सहलीकडे वळतो. खरं म्हणजे मी एका अर्जाची सुनावणी बघायला गेले होते. साताऱ्याहून भंडारा, राज्याच्या एका टोकाहून जवळजवळ दुसऱ्या टोकाला, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या तरी अर्जासाठी. तिथून जो संताप घेऊन आले तो अजून उतरलेला नाही. कागदावर उतरवला तर निदान घरातल्यांची सुटका होईल, म्हणून लिहायला बसले आहे.

मी सेवायोजन कार्यालयात नोकरी केली. म्हणजे बेकारांची नावं नोंदवून घ्यायची, कार्डावर शिक्का मारायचा, मुदत संपली की नूतनीकरण करायचं आणि ‘कॉल कधी येणार?’ या प्रश्नाला ‘येईल’ असं उत्तर द्यायचं. निवृत्त झाल्यावर तीन महिने मुलीकडे जर्मनीत राहिले. नेमकी त्याच काळात जावयाची नोकरी गेली, आणि माझ्या उभ्या नोकरीत जे शिकले नाही ते मी जावयाच्या स्वयंपाकघरात बसून शिकले. तिथं पगारातून विम्याचे पैसे कापलेले असतात, त्यामुळे नोकरी गेली की सरकार पगाराचा मोठा भाग देत राहतं. पण बेकारी हीसुद्धा तिथं एक नोकरीच आहे. नोकरी जाणार असं कळल्याबरोबर कळवायचं, कुठं कुठं अर्ज केले ते सांगायचं, बोलावलं की जायचं. दोन दिवस स्वित्झर्लंडला जायचं म्हणून जावयानं कचेरीकडे रजा मागितली, तेव्हा मी हसून हसून दमले. बेकाराची रजा! मग मला नादच लागला. डेन्मार्कमध्ये वर्गणी भरणाऱ्यालाच भत्ता का, अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा का, असं वाचून वाचून मी एक दोनशे पानी वही भरली.

त्या वहीनंच घात केला. भंडाऱ्याची निर्मला मेश्राम माझी खात्यातली जुनी मैत्रीण, एका प्रशिक्षणात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तिचं टेबल गोंदियात राहिलं आणि घर भंडाऱ्यात, त्यामुळे निवृत्त होईपर्यंत ती बिचारी दोन जिल्ह्यांत ये-जा करत राहिली. आता ती माहेरच्या गावी राहते आणि गावच्या बायांना रोजगार हमीचे अर्ज लिहून देते. जानेवारीत तिचा फोन आला.

“वसुधा, तू येऊन राहिली का नाही ते सांग. गुरुवारी सुनावणी आहे. मी बोलली का इथले लोकं म्हणतात, ही तं गावचीच पोट्टी. तू बाहेरची आहेस, वही घेऊन ये.”

मी वही घेतली. स्वेटर घेतला नाही, कारण विदर्भ म्हणजे ऊन एवढंच मला ठाऊक होतं.

मंगळवार, निर्मलाचं गाव

गावाचं नाव लिहू नकोस असं निर्मलानं बजावलं आहे. आसगावच्या बाजूचं आहे, एवढं पुरे. फाट्यावर उतरले तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि माझे दात वाजत होते. निर्मलानं मला बघितलं, आपल्या भावाचा खाकी कोट माझ्या अंगावर घातला, आणि पुढचे सहा दिवस मी तालुक्यात वनखात्याच्या गार्डसारखी फिरले. दोन ठिकाणी लोकांनी मला जळणाच्या मोळ्या दाखवून त्या वाळलेल्या लाकडाच्याच आहेत असं न विचारता सांगितलं.

त्या भागात डोळ्याला सुख फार आहे. धान कापून झालेल्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांत, लाखोळी नावाची डाळ उगवलेली, तिची निळी-जांभळी फुलं, मधेमधे तलावाची पाळ, पाळीच्या पलीकडे जंगलाची काळी रेघ. आमच्याकडे शेत म्हटलं की ऊस, आणि ऊस म्हटलं की पलीकडचं काही दिसत नाही. इथं नजर लांबवर जाते. पोटाचं मात्र मला जड गेलं. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. भाकरी मिळेल का असं दुसऱ्या दिवशी मी हळूच विचारलं, तर निर्मलाच्या वहिनीनं “बरं नाही का तुमाले?” असं काळजीनं विचारलं.

ज्यांच्यासाठी आले त्या पंचफुलाबाई संध्याकाळी भेटल्या. चाळिशी ओलांडलेल्या, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. नवरा चार वर्षांपूर्वी वारला. एक मुलगी, काजल, बारावीला. घराला लागून दोन बांध्या, त्यातलं धान खाण्यापुरतं. बाकी सगळं मजुरीवर, आणि धानाची कापणी-मळणी झाली की गावात मजुरी नाही. मग बाया मुकादमाच्या गाडीत बसून तेलंगणात मिरची तोडायला जातात, दोन-अडीच महिने. गेल्या साली पंचफुलाबाई गेल्या होत्या. मागे काजल एकटी. पाणी, स्वयंपाक, शेळ्या, आणि रात्री भीती वाटते म्हणून जागरण. अकरावीत ती दोन विषयांत नापास झाली, फेरपरीक्षा देऊन कशीबशी बारावीत आली.

“या साली मी तिले जबान देली,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “परीक्षा होयेपर्यंत मी घर सोडत नाही. गावात काम भेटलं तं ठीक, नाही भेटलं तं भत्ता भेटते म्हणून निर्मलाताई सांगते. म्हणून मी मुकादमाले अजून हो म्हटलं नाही. शुक्रवारपर्यंत सांग म्हणते तो. गाडी इतवारी जाऊन राहिली.”

एवढाच सगळा मामला. कायद्यात लिहिलं आहे की मजुरानं लेखी काम मागितलं आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर सरकारनं बेकारी भत्ता द्यायचा. जगात फार थोड्या देशांत शेतमजुराला असा हक्क आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या राज्यानं केली. हे सगळं माझ्या वहीत कौतुकानं लिहिलेलं होतं. वहीत लिहिलेलं नव्हतं ते निर्मलानं सांगितलं. पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते अर्जाच्या पोचपावतीच्या तारखेपासून, आणि ती पावती द्यायची गावच्या रोजगारसेवकानं. काम देता आलं नाही तर वरून बोलणी त्यालाच बसणार. ज्याच्या पायावर धोंडा पडायचा त्याच्याच हातात तो उचलून द्यायचा, अशी ही रचना. शिवाय हा रोजगारसेवक विलास पंचफुलाबाईंच्या नणंदेचा मुलगा. पहिल्यांदा पावती मागितली तेव्हा तो म्हणाला, “मामी, माह्यावर भरोसा नाही का?” आणि मामी शरमेनं घरी आल्या. घरच्या माणसाकडे पावती कोण मागतं? दुसऱ्यांदा निर्मला स्वतः सोबत गेली, दारात बसून राहिली, तेव्हा पावती मिळाली. ती काजलच्या दहावीच्या गुणपत्रिकेसोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती.

बुधवार, तालीम

बुधवारी मी पंचफुलाबाईंना सुनावणीसाठी तयार करायचं ठरवलं. जगात कुठंही बेकारी भत्ता मागायला जा, कचेरी तीनच गोष्टी विचारते: तुम्हाला काम नाही ना, तुम्ही काम करू शकता ना, आणि काम हवं आहे ना. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं बाईंच्या हाताकडे बघितलं तरी मिळत होती. अडचण पहिल्या प्रश्नाची.

“साहेब विचारतील, त्या दिवसांत काय करत होतात,” मी म्हटलं. “तुम्ही सांगायचं, रिकामी होते.”

पंचफुलाबाई तव्यावर आयते घालत होत्या. तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार, आपल्या घावनासारखे. त्यांचा हात थांबला.

“रिकामी? मी काहून रिकामी राहीन?”

“म्हणजे काम नव्हतं असं.”

“रिकामी बाई कोणाले म्हणतेत आमच्या इथं, मालूम आहे का? घरदार सोडून दुसऱ्याच्या ओट्यावर बसून राहते ते.”

मी म्हटलं, बरं, बेरोजगार म्हणा. त्यावर त्या हसल्याच. “बेरोजगार तं ते शिकलेले पोट्टे रायतेत. चौकात मोबाइल पाहात बसतेत ते. मी कायची बेरोजगार?”

“मग बेकार?”

“बेकार तं भाजी होते, आंबली का,” असं म्हणून त्यांनी गरम आयता माझ्या ताटात टाकला.

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर ज्या शब्दांचे शिक्के मारले ते तिन्ही या बाईनं पाच मिनिटांत बाद केले होते. निर्मला भिंतीला टेकून हसत होती, आणि तिच्या हसण्याचा मला जास्त राग आला. अर्धा तास डोकेफोड केल्यावर आम्ही एका वाक्यावर आलो: ‘काम मांगलं होतं, भेटलं नाही.’ यात खोटं काही नव्हतं आणि लाज वाटण्यासारखंही काही नव्हतं. ते मी त्यांच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं. दुसरं काही विचारलं तरी हेच म्हणायचं, अशी ताकीद दिली. त्यांनी हो म्हटलं.

दुपारी मी हौसेनं त्यांच्यासोबत निघाले. आधी बांधीतून शेळ्यांसाठी चारा, मग लाखोळीचा कोवळा पाला भाजीला, मग तलावाच्या कडेच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून झिंगे, मग पाटलांच्या घरची पोती शिवणं. चाऱ्याचा एक लहानसा भारा मी डोक्यावर घेतला आणि तलावाच्या पाळीवर निर्मलाच्या भावाच्या कोटासकट घसरून खाली आले. भाऱ्याला काही झालं नाही. घरी आल्यावर मी आडवी झाले आणि त्या चूल पेटवायला बसल्या. एवढं सगळं करून त्या दिवशी त्यांच्या हातात काय पडलं म्हणाल, तर वाटीभर झिंगे, भाजी आणि पोती शिवल्याबद्दल थोडे तांदूळ.

गुरुवार, कचेरी

कचेरी कोणत्या गावची ते सांगत नाही. सगळ्या सारख्याच असतात. अकराची वेळ दिली होती, आम्ही दहाला पोचलो, साहेब साडेबाराला आले आणि त्यांच्या टेबलावर फायली कमी नव्हत्या हेही मला दिसलं. साहेब तरुण होता, गळ्यात मफलर, बोलायला नम्र. मला खुर्ची दिली, पंचफुलाबाईंनाही दिली, आणि त्या बसेपर्यंत थांबला. माझ्या नोकरीत मी इतकी रीत पाळलेली आठवत नाही.

कागद बघितले. अर्ज आहे, पोच आहे, तारीख आहे, पंधरा दिवस उलटले, काम दिलेलं नाही. “बरोबर आहे,” असं तो स्वतःच म्हणाला. मी निर्मलाकडे विजयी नजरेनं बघितलं. बाजूला बसलेला कारकून उत्तरं लिहून घेत होता. मग साहेबानं पेन खाली ठेवलं आणि मनापासून विचारलं, “मग मावशी, इतके दिवस घर कसं चालवलं तुम्ही?”

हा प्रश्न सुनावणीचा नव्हता. एका माणसानं दुसऱ्या माणसाला विचारलेला होता. पंचफुलाबाईंना बहुधा चार वर्षांत कुणी तो विचारला नव्हता. त्या पुढे सरकून बसल्या आणि बोलायला लागल्या. मी त्यांच्या पायावर पाय दिला, तो त्यांनी बाजूला केला. पाटलांची पोती शिवली. दोन दिवस चुरण्याचं, म्हणजे धानाच्या मळणीचं, काम भेटलं, आसगावच्या रस्त्यावर. मास्तरणीचं घर सारवून देलं. झिंगे धरले. सिंदीच्या पानाचे झाडू बांधून बजारात नेले. शेळीचं दूध इकलं. “एक दिवस बसली नाही साहेब,” त्या म्हणाल्या. “पोरीले एक दिवस उपाशी ठेवलं नाही.” त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला तिकडे बघवेना. त्या बोलत होत्या आणि कारकून लिहीत होता.

साहेबानं लिहिलेलं ओढून घेतलं, वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. “म्हणजे काम होतं.”

तिथून पुढचा अर्धा तास मी वाईट भांडले. मी सांगितलं की जर्मनीत आठवड्याला पंधरा तासांच्या आत कुणी काही काम केलं तरी त्याला बेकारच धरतात, काम केल्याचं कळवलं की झालं. वही उघडून पान दाखवलं. साहेब म्हणाला, “मॅडम, हे सगळं खरं असेल, पण माझ्या फाइलला जर्मनीचा नियम लावता येत नाही.” निर्मलानं वेगळा आणि शहाणा मुद्दा काढला. तिनं विचारलं, कायद्यात कुठं लिहिलं आहे की मजुरानं ते पंधरा दिवस हातावर हात ठेवून बसायचं? काम मागितलं, दिलं नाही, संपलं. साहेबानं जबाब पुन्हा वाचला. तो चुकतो आहे हे त्याला कळत होतं असं मला आजही वाटतं. पण जबाब लिहिलेला होता, आणि लिहिलेलं खोडून मंजुरी दिली तर उद्या त्याला कुणीतरी विचारणार होतं.

“वरून मार्गदर्शन मागवतो,” तो म्हणाला.

कचेरीत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना या तीन शब्दांचा अर्थ माहीत असतो. मी स्वतः ते किती फायलींवर लिहिले असतील. मार्गदर्शन यायला उन्हाळा उजाडणार होता आणि गाडी रविवारी जाणार होती. अर्ज नामंजूर केला असता तर निदान वर दाद मागता आली असती. आता त्यांच्या हातात नामंजुरीही नव्हती.

कारकुनानं सहीसाठी जबाब वाचून दाखवला. शेवटचं वाक्य असं होतं: ‘सदर कालावधीत मी रिकामी नव्हते.’

“हे पुन्हा वाचा,” पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यानं पुन्हा वाचलं. त्यांनी समाधानानं मान हलवली, “बरोबर लिहिलं भाऊ,” म्हणाल्या, आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. 

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. कचेरीच्या आवारात, चहाच्या टपरीसमोर, चार माणसांत. पाच वेळा घोकून घेतलं होतं, एवढं एक वाक्य बोलता आलं नाही का, असं काहीबाही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, त्यानं चांगल्या मनानं इचारलं. खोटं कायले बोलू?” मग त्यांनी विचारलं, “म्हणजे भत्ता भेटत नाही आता?” निर्मलानं समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी केलेल्या आरड्याओरड्याची मला लाज वाटत होती. ती अजूनही वाटते.

शुक्रवार ते रविवार

शुक्रवारी त्यांनी मुकादमाला हो सांगितलं. शनिवारी निर्मलानं मला पवनीला नेलं. तटबंदी, दरवाजा, नदीचा घाट, विटांचे जुने अवशेष. बघितलं सगळं, डोक्यात काही गेलं नाही. नदी रुंद आणि शांत होती, आणि मला तिचाही राग येत होता.

रविवारी सकाळी गाडी आली. मागच्या उघड्या भागात बाया, गाठोडी, भांडी, दोन कोंबड्यासुद्धा. पंचफुलाबाईंनी शेळ्या कुठं बांधायच्या, तांदूळ कोणता आधी संपवायचा, सगळं काजलला सांगितलं. झोपायला निर्मलाकडे जायचं, असं ठरवून दिलं. परीक्षेचं त्या काही बोलल्या नाहीत. दिलेली जबान मोडते आहे हे दोघींना माहीत होतं. काजल उंच, चष्मा लावणारी, कमी बोलणारी मुलगी. गाडी वळेपर्यंत उभी राहिली आणि मग पाण्याला गेली.

दुपारी चारच्या सुमारास विलास सायकलवरून निर्मलाच्या दारात आला. हातात कागद होते, बारा बायांच्या नावांचे. पांदण रस्त्याचं मातीकाम मंजूर झालं होतं. सोमवारपासून कामावर हजर व्हावे, हजर न झाल्यास भत्त्याचा हक्क राहणार नाही. पहिलंच नाव पंचफुलाबाईंचं.

मी तो कागद तीनदा वाचला. महिनाभर काम नव्हतं. भत्त्याची सुनावणी होताच तीन दिवसांत काम निघालं, कारण भत्ता देण्यापेक्षा काम काढणं कचेरीला सोपं. म्हणजे कायद्यानं अगदी त्याचं काम केलं होतं, फक्त गाडी सुटल्यावर.

“मामीले फोन लावला, लागत नाही,” विलास म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. “उद्या मी तिचं नाव पुकारीन आणि गैरहजर लिहीन. मले लिहाच लागते, ताई. मग पुढं कधी भत्ता मांगला तं हेच काढून दाखवतेत.”

मी म्हटलं, परत बोलवा. निर्मलानं मान हलवली. टोळीची गाडी निघाली की मधेच उतरून एकटीनं परत येणं म्हणजे पुढल्या सालचं नाव कापून घेणं. आणि इथलं काम किती दिवस चालेल ते कोण सांगणार? मी विलासलाही दोन शब्द ऐकवले. तो ऐकून घेऊन गेला. त्याला बोलून काही उपयोग नव्हता, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

सोमवार, पांदण रस्ता

माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळी निर्मलासोबत कामावर गेले, केवळ ते ‘गैरहजर’ लिहिताना बघायला. कुणी तरी साक्षीला असावं असं वाटलं.

दोन बांध्यांच्या मधून गावाबाहेर जाणारी चिखलाची वाट, तिच्यावर माती टाकून रस्ता करायचा. कडेला खड्डे खणायचे, घमेल्यांनी माती वाहायची. बाया जमल्या होत्या. विलासनं हजेरीपट उघडला आणि खाली मान घालून नाव पुकारलं.

“आहे,” मागून आवाज आला. काजल होती. ओढणी कमरेला बांधलेली, हातात घमेलं. “मायच्या जॉबकार्डात माह्यं बी नाव आहे. अठरा पुरे झाले तवाच मायनं टाकून घेतलं. घरातलं कोणीबी चालते ना, दादा?”

चालतं. रोजगार हमीचं कार्ड कुटुंबाचं असतं. विलासनं कार्ड बघितलं आणि मामीच्या नावाखाली काजलचं नाव लिहिलं.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, अगं, तुझी परीक्षा महिन्यावर आली, तुझ्या अभ्यासासाठी तर हे सगळं चाललं होतं, घरी जा. ती माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाली, “गैरहजर लागून कार्ड खराब झालं तं मायले पुढल्या साली पुन्हा जा लागन.” मी हिशेबी, नियम माहीत असलेली बाई, पण हिशेब तिचाच बरोबर होता. मी कोट काढला आणि विलासला म्हटलं, तिच्या जागी मी माती वाहते. तो गोंधळून म्हणाला, “मॅडम, तुमचं कार्ड नाही ना इथलं.”

तेवढ्यात त्या बायांतली थोराड, सत्यभामाबाई नावाची, पुढे आली. तिनं काजलच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि विलासला विचारलं, “मोजमाप खड्ड्याचं होते का माणसाचं?”

“खड्ड्याचं. सगळ्या टोळीचं मिळून.”

“मग खड्डा बाराचा पायजे ना? आमी अकराजणी बाराचा खोदतो. पोट्टी, तू जाय, त्या झाडाखाली बस. पुस्तक आणलं का?”

काजलनं पुस्तक आणलं होतं, ओढणीखाली. म्हणजे दुपारच्या सुट्टीत वाचायचं असं तिनं ठरवलं असावं. ती येनाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या, झाडाखाली जाऊन बसली. अकरा वाजता हजेरीचा फोटो काढायचा नियम आहे, तेव्हा ती पळत आली, घमेलं डोक्यावर घेऊन उभी राहिली, आणि फोटो झाल्यावर परत गेली. विलासनं हजेरीपट मिटून काखेत मारला. मी दोनशे पानांची वही भरली, इतके देश वाचले. वर्गणी न घेता, दाखला न मागता, सुनावणी न करता चाललेला विमा मी पहिल्यांदा बघत होते, आणि तो नियमांत बसत नव्हता.

बाराच्या सुमारास काजलचा फोन वाजला. पंचफुलाबाई पोचल्या होत्या, कुणाच्या तरी फोनवरून बोलत होत्या. बांधीत आवाज मोकळा फिरतो, त्यांचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. पोचली म्हणाव निर्मलाताईले. शेळ्या बांधल्या का? जेवली का?

“जेवली,” काजल म्हणाली.

“अभ्यास करून राहिली ना?”

सत्यभामाबाईनं हात वर केला. खणणाऱ्या बायांनी कुदळी तशाच धरल्या, डोक्यावरची घमेली कुणी रिकामी केली नाहीत. माती पडल्याचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून अकराजणी उन्हात जागच्या जागी उभ्या होत्या.

“हो माय,” काजल म्हणाली, “करून राहिली,” आणि फोन ठेवेपर्यंत कुणी हललं नाही.